चोपन्न अंशांचा उन्हाळा

म्हैसूर संस्थानाच्या दीपखात्यात तुकोजीराव नावाचे एक गृहस्थ बॅटरीवर नेमलेले होते. आजोबा महाराजांच्या घोडदळात बारगीर. नातू बायकांच्या दवाखान्यामागच्या खोलीत पंचावन्न काचेच्या भांड्यांचा पहारेकरी. भांड्यांत तेजाबाचं पाणी, पाण्यात शिशाच्या पट्ट्या. धबधब्यावरून येणारी वीज बंद पडली की शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा दिवा या भांड्यांच्या जोरावर पेटायचा, आणि पाच वर्षांत त्यानं एकदाही दगा दिला नव्हता.

त्याचं कारण अगदी साधं होतं. तुकोजीराव रोज भांड्यांना हात लावून बघायचे. उन्हाळ्यात भांडी तापली की चार्ज कमी करायचे, थंडीत जरा वाढवायचे. ऐन उन्हात कुणाला दाबून जेवायला वाढतात का, असं ते घरी भागीरथीबाईंना सांगायचे. बाई मान डोलवायच्या. एवढं शहाणपण कुठल्याही स्वयंपाकघरात असतं; खात्यात मात्र ते कलमात असावं लागतं.

सन १९१३च्या फेब्रुवारीत कृष्णमूर्ती नावाचे नवे अधीक्षक आले. माणूस वाईट नव्हता, फक्त वाचलेला होता. चार्ज कोणत्या आधारावर कमीजास्त करता, असं त्यांनी विचारलं. तापमानावर, असं तुकोजीराव म्हणाले. बरोबर, विलायती कारखान्याच्या तक्त्यातही तसंच दिलं होतं. मग तापमान मोजता कशानं? हातानं. अधीक्षकांनी मंजूर उपकरणांची यादी वरपासून खालपर्यंत तपासली. तीत तुकोजीरावांचा हात नव्हता.

खात्यात प्रमाणपत्र असलेला तापमापक एकच होता आणि तो मोठ्या साहेबांच्या ताब्यात असे. नियम असा ठरला की त्याच तापमापकाचा आकडा ग्राह्य धरावा, तक्त्याप्रमाणे चार्ज द्यावा आणि नोंदवहीत आकडा लिहून बॅटरीवाल्यानं खाली सही करावी. मार्चपर्यंत हे निर्धोक चाललं. मग दरवर्षीप्रमाणे मोठ्या साहेबांची कचेरी दोन महिन्यांसाठी उटीला निघाली. फायली गेल्या, शिपाई गेले, स्वयंपाकी गेला, आणि सामानात तापमापकही गेला.

काम अडू नये म्हणून उटीहून रोज सकाळी तार येऊ लागली. पहिली तार होती उटीच्या थंड हवेतल्या चोपन्न अंश फॅरनहाइटची. कृष्णमूर्तींनी तक्ता काढला. चोपन्नाला म्हणजे कडक थंडी, चार्ज चांगलाच वाढवायला हवा. तुकोजीराव समोर उभे होते ते घामानं निथळत होते. त्यांनी हात जोडून सांगितलं की स्वामी, खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालंय, भांडी उकळतील.

कृष्णमूर्ती शांतपणे म्हणाले, "नोडी, हे बघा तुकोजीराव, खोलीत गरम होतंय हे तुमचं मत. चोपन्न हे सरकारचं तापमान."

चार्ज वाढला. भांड्यांत दिवसभर बुडबुडे येऊ लागले, तेजाबाच्या वाफेनं डोळे चुरचुरू लागले, पाणी भराभर आटलं. तुकोजीरावांनी शुद्ध पाण्याची मागणी लिहून पाठवली. उत्तर आलं की चोपन्न अंशांत एवढं पाणी आटत नाही, सबब ते कोण पितं याचा खुलासा करावा. मग त्यांनी वाळ्याचे पडदे मागितले. त्यावर उत्तर आलं की साठ अंशांखाली काम करणाऱ्यांना पडद्यांची गरज नसून लोकरी कोट सक्तीचा आहे. कोट मात्र त्याच दिवशी मिळाला. एप्रिलच्या उन्हात जवळच्या बन्नूर गावाहून आलेल्या बाजारकऱ्यांनी लोकरी कोटातले तुकोजीराव पाहिले आणि मराठ्यांची खानदानी ऐट बघा, म्हणून कौतुक केलं.

चार्ज कमी करण्याच्या दांड्याला ते गुपचूप हात लावतील म्हणून अधीक्षकांनी त्याला लाखेचं सील ठोकलं. भांड्यांच्या तळाशी आता तपकिरी गाळ बसला होता, पट्ट्या वाकल्या होत्या. ते सगळं काचेतून स्वच्छ दिसत होतं, पण दिसणं हेही मंजूर यादीत नव्हतं.

त्याच दवाखान्यात त्यांची लेक सरस्वती पहिल्या बाळंतपणाला आली. मूल आडवं होतं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावर घ्यावं लागेल असं सांगितलं. तुकोजीराव बॅटरीच्या खोलीत गेले, सिलावर अंगठा ठेवला. नखानं उडालं असतं, इतकं ते कच्चं होतं. भागीरथीबाई दारातून म्हणाल्या, "अय्यो, बघत काय बसलाय? तोडा की ते."

"लेखी हुकूम आहे," तुकोजीराव म्हणाले. "आपल्या घराण्यात लेखी हुकूम कुणी मोडला नाही."

आणि त्यांनी काय केलं? अहो, सील काढण्याच्या परवानगीसाठी तिसरा अर्ज लिहिला. वळणदार अक्षरात, समास सोडून.

त्या अर्जाला पोच येण्याआधीच वळीव आला. दुपारी चारला झाडं पडली, तारा तुटल्या, खिडक्या लावून घ्याव्या लागल्या. सरस्वती तेव्हा टेबलावर होती. दिवा बॅटरीवर गेला. अकरा मिनिटं जळला, तांबूस झाला आणि विझला. कंदील शोधून आणेपर्यंत जो वेळ गेला तो फार होता. सरस्वती वाचली. जन्मलेली मुलगी रडलीच नाही. तुकोजीराव बाहेर बाकावर लोकरी कोटात बसले होते, त्यांनी कोटाची बाही तोंडात धरली आणि हमसून हमसून रडले.

चौकशी बसली. कृष्णमूर्तींनी अहवाल आणला होता: बॅटरी अतिथंडीमुळे निकामी. तुकोजीराव आयुष्यात पहिल्यांदा साहेबासमोर ओरडले. खोटं आहे, खोलीत आगीसारखं तापत होतं, मी रोज हात लावून बघत होतो, माझी नात गेली! कृष्णमूर्तींनी मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी नोंदवही पुढे ओढली. एकेक पान उलटलं. चोपन्न, पंचावन्न, चोपन्न, त्रेपन्न. एकही दिवस चुकलेला नव्हता. प्रत्येक आकड्याखाली तीच सही, ठसठशीत.

"ही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," तुकोजीराव म्हणाले आणि खाली बसले.

अहवाल मंजूर झाला. पुढच्या हिवाळ्यासाठी बॅटरीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची शिफारसही झाली.

तुम्हाला तुकोजीरावांचा राग आला असेल. येऊ द्या, मलाही येतो. फक्त एवढं आठवून सांगा, मागच्या महिन्यात तुम्ही ज्या कागदावर सही केलीत, त्यात काय लिहिलं होतं?