बापूतात्यांची पाठ

आमच्या शेजारचे बापूतात्या खुर्चीत बसतात, पण खुर्चीला टेकत नाहीत. एसटीत नाही, न्हाव्याकडे नाही, पुण्याला लेकाच्या नव्या सोफ्यावरही नाही. तात्या जुने पैलवान. कुस्तीत पाठ टेकली की हार, आणि "उभ्या जन्मात ह्या पाठीला माती लागली न्हाई," हे त्यांच्या तोंडून न ऐकलेला माणूस कराडात नवाच असणार. आखाडा सुटून जमाना झाला, तरी झोपायचं ते कुशीवर नाहीतर पालथं.

मागच्या वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आता तरी खोड मोडेल म्हणून बघायला गेलो, तर तात्या खुशीत!

"पालथं पाडूनच केलं गड्या!"

नर्सबाई म्हणाल्या, नंतर उताणं झोपवलं होतं.

"तवा बेशुद्ध हुतो. ती कुस्ती धरायची न्हाई."

ऑपरेशन नीट झालं, पण कंबरेची कळ काही जाईना. शेवटी सर्जनना विचारून मी त्यांना गाडीत घातलं आणि सांगलीला कायरोप्रॅक्टरकडे नेलं. म्हणजे हातांनी सांधे मोकळे करणाऱ्या डॉक्टरांकडे. डॉक्टर निघाल्या तिशीतल्या बाई. तात्यांना वाटलेलं, कडाकड हाडं वाजणार. बाई ऑपरेशनची जागा सोडून आजूबाजूला हलकेच दाबत राहिल्या.

"आवाज न्हाई तर डाव कसला?" तात्या पालथे पडून कुरकुरले.

"आता उताणे व्हा."

"तेवढं सोडून बोला."

दर खेपेला हेच. मी तर पार वैतागलो होतो. बाई मात्र चिडल्या नाहीत. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "तात्या, पाठ बरी करून करायचंय काय तुम्हाला?"

तात्या उठून बसले. आपल्या पंजांकडे बघत म्हणाले, "नात हाय पुण्याला. दिवाळीत आलती. म्हणली, आबा, चल कुस्ती खेळू. मला खाली बसता येईना. मग मोबाईल घिऊन बसली. परत म्हणलीच न्हाई."

त्या दिवसापासून बाईंनी त्यांना जमिनीवर उतरणं शिकवायला घेतलं. आधी हात, मग गुडघा, मग कूस. तात्या त्यांना 'वस्ताद' म्हणू लागले. कुशीपर्यंत यायचे, पण पुढं काही सरकायचे नाहीत.

मे महिन्यात नात आली. मी ताकाचं भांडं परत द्यायला गेलो, तर घरात सतरंजी अंथरलेली. तात्यांनी हात टेकला, गुडघा टेकला, कुशीवर आले. चिमुरडीनं दोन बोटांनी खांदा ढकलला, आणि तात्या सावकाश उताणे झाले.

"आबा हरला!" ओरडत ती अंगणात पळाली.

मी घाबरून उचलायला धावलो. तात्यांनी हातानंच अडवलं. त्यांचे डोळे भरले होते.

"थांब रं," ते कुजबुजले. "दोनी खांदं टेकल्यात न्हवं? नीट बघ."