वाहन समतल आढळले

मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, दुर्गम माता-बाल संपर्क पथकाची गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यावर चार बोटं खाली बसलेली आढळली. बाब गंभीर होती, कारण तिची नोंद कोणत्या रजिस्टरात करायची हे ठरलेलं नव्हतं.

पथक म्हणजे सिस्टर मयुरी, ड्रायव्हर फकिरा आणि ही गाडी. दोघं पगारावर, तिसरी दानाची. गाडी परदेशी, चारही चाकांनी ओढणारी, वय वर्षं सोळा. एका बड्या ठेकेदारानं स्वतःला नवी घेतल्यावर ही जुनी बालाघाट जिल्ह्यातल्या गोरगरीब बाळंतिणींना अर्पण केली होती. अर्पण करतानाच्या फोटोत तो फारच मोकळं हसत होता. का, ते फकिराला पहिल्याच महिन्यात कळलं. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. चाकांवर चार रबरी बलून, कॉम्प्रेसरनं त्यांत हवा भरायची आणि त्या हवेवर सगळी गाडी तोलून धरायची. बलून चांगले असले की खड्ड्यातसुद्धा लशीच्या डब्यातला बर्फ खुळखुळत नसे.

दर गुरुवारी पथक बैहरचा घाट चढून, बिरसा गाव मागे टाकून, जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर जाई. तिथे सीता नावाच्या बाळंतिणीचा मुलगा होता. घरीच जन्मलेला, जन्मला तेव्हा एक किलो आठशे ग्रॅम. मयुरी त्याला कापडी झोळीत घालून काट्याला लावी, आणि काटा थांबेपर्यंत स्वतःचा श्वास धरून ठेवी. तिची स्वतःची श्रिया चौदा महिन्यांची होती. कडेवर घेतलेलं पोर कालच्यापेक्षा हलकं लागलं तर आईच्या मनगटाला ते काट्याआधी समजतं. नियम साधा होता : वजन वाढलं तर उत्तम, लागोपाठ दोन गुरुवार घटलं तर बाळाला उचलून थेट दवाखान्यात. मागच्या गुरुवारी ते चाळीस ग्रॅमनं घटलं होतं. म्हणजे आजचा गुरुवार चुकवून चालणार नव्हता.

"ताई, बलून चिरला हाय," फकिरा गाडीखालून म्हणाला. त्यानं कपड्याची पावडर पाण्यात कालवून बलूनवर शिंपडली होती आणि रबराच्या घडीतून बुडबुडे फुरफुरत होते. "हे पाहा. इथून हवा जाऊन राह्यली. रातभर उभी राह्यली का बसते. चालू केली का कॉम्प्रेसर हवा भरते, मंग पाच मिनिटात उभी."

"मग निघू या ना, फकिराभाऊ."

"आज जाईन गाडी. पुढच्या बारीलेबी जाईन. पण कॉम्प्रेसर असाच सारखा चालला तर जळते, ताई. एक बलून बदलला का झालं. नागपूरले भेटते."

निदानाला दोन मिनिटं लागली. एवढ्या लवकर निदान होणं शासकीय वाहनाच्या प्रकृतीला मानवत नाही, हे मयुरीला तेव्हा ठाऊक नव्हतं. फकिराचे पाय गाडीखालून बाहेर आलेले पाहून वाहन समन्वयक गुणाकर देशकर तिथे थांबले, "काय झालं?" म्हणाले, आणि तिनं खरं सांगितलं.

देशकरांचं घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीत. त्यांच्या घरी फोडणीसुद्धा मंजुरी आल्याशिवाय पडत नाही, असं शेजारी म्हणत.

"निदान कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"फकिराभाऊंनी."

"ड्रायव्हरनं?" त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, उद्या शिपायानं ऑपरेशन केलं तर चालेल तुम्हाला? ड्रायव्हरनं चालवायचं. बिघाड शोधायला समिती आहे."

"पण सर, बुडबुडे दिसताहेत."

"बुडबुडे पुरावा होत नाहीत. ते फुटतात. फाईलला लावायचे कसे?"

"सर, तिकडे एक बाळ आहे. वजन घटलंय त्याचं."

"अरेरे," देशकर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "भावना मी समजू शकतो. पण आता वाहन संशयित झालं. तपासणी होईपर्यंत दौऱ्यावर नेता येणार नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर गोष्ट वेगळी."

संशयातला पहिला गुरुवार असा गेला.

तपासणीसाठी वाहन समितीपुढे सादर करायचं होतं. समिती शहराच्या दुसऱ्या टोकाला बसत असे. सादर करायचं म्हणजे चालवत न्यायचं, चालवायचं म्हणजे सुरू करायचं, आणि सुरू केलं की गाडी पाच मिनिटांत उभी. समितीच्या तिघांनी चारही कोपऱ्यांना टेप लावला. चारही सारखे. समितीचे अध्यक्ष माणिकराव यांनी आकडे मिलिमीटरपर्यंत लिहून घेतले आणि खाली लिहिलं : वाहन समतल आढळले.

"साहेब, पाच-सहा घंटे उभी ठेवा. आपोआप बसन," फकिरा म्हणाला.

"समितीनं गाडीच्या सवडीनं थांबायचं?" माणिकराव म्हणाले. "आमची दुपारी दुसरी बैठक आहे."

मयुरीनं नम्रपणे सुचवलं, की सकाळी गाडी सुरू करण्याआधी समितीनं पथकाच्या आवारात येऊन पाहावं. सूचना रास्त असल्याचं सर्वांनी मान्य केलं. अडचण एकच निघाली. समितीला यायला वाहन नव्हतं. तेव्हा समितीला आणण्यासाठी हीच गाडी पाठवावी, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेली, तिघांना घेऊन आली, आणि तिघांनी खाली उतरून तिची पाहणी केली. समतल. शिवाय अहवालात एक वाक्य वाढलं : प्रत्यक्ष प्रवासात वाहन अत्यंत आरामदायी आढळले. परत सोडायलाही तीच गेली. माणिकरावांनी वाटेत भाजी घेतली.

या दोन अहवालांत दुसरा गुरुवार गेला. टोल्यावर फोन लागत नसे. बिरसाच्या बसमधून उतरणाऱ्या ओळखीच्या बाईकडून मयुरीनं निरोप पाठवला, की बाळाला अंगाशी धरून ठेव, दर दोन तासांनी पाज. उत्तर आलं नाही. तिनं श्रियाला खिचडी भरवता भरवता एका हातानं अर्ज लिहिला आणि पर्यायी गाडी मागितली. अर्जावर हळदीचं बोट उमटलं, म्हणून तो आधी परत आला. स्वच्छ प्रत दिल्यावर उत्तर मिळालं : ज्या पथकाकडे समतल वाहन आहे, त्याला पर्यायी वाहन देता येत नाही.

"मग हीच नेऊ द्या," ती म्हणाली.

"तक्रार प्रलंबित असताना?" देशकर म्हणाले. "असं करा. 'वाहनात दोष नाही' असं तुम्हीच लिहून द्या. तक्रार मिटते, गाडी सुटते. तुमचं बाळही भेटतं तुम्हाला."

फकिरानं डोळ्यांनी नको म्हणून खुणावलं. मयुरीनं लिहून दिलं. आई माणूस काय काय लिहून देईल, याला सीमा नसते. हे देशकरांना ठाऊक होतं असं नाही, पण प्रक्रियेला ठाऊक असावं.

तिसऱ्या गुरुवारी गाडी निघाली. घाटात, तिसऱ्या वळणावर, कॉम्प्रेसर घर्रर्र करत राहिला, मग कण्हला, मग जळक्या रबराचा वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. मागचा डावा कोपरा हळूहळू खाली गेला आणि चाक वरच्या पत्र्याला घासू लागलं.

"जळला," फकिरा म्हणाला. 'मी सांगितलं होतं' हे न बोलण्याइतका तो मोठा होता.

मयुरीनं काटा आणि झोळी खांद्याला लावली, मागून आलेल्या बसला हात केला, बिरसाला उतरली आणि उरलेला रस्ता चालत गेली. बाळ जिवंत होतं, तिच्याकडे बघून त्यानं जांभई दिली. झोळी टांगली. काटा थरथरला, थांबला. दहा ग्रॅम वाढ.

"दीदी, बढा क्या?" सीतानं विचारलं.

"बढा. थोडा. पुढच्या गुरुवारी परत बघायचंच बरं का, चुकवायचं नाही."

सोमवारी मयुरीला नोटीस मिळाली. स्वतःच दोषरहित घोषित केलेलं वाहन उपलब्ध असताना तिनं बसनं प्रवास का केला, याचा खुलासा करावा; आणि यापुढे पथकाची सामग्री पथकाच्या वाहनाबाहेर नेऊ नये. तिनं खुलाशात लिहिलं, की गाडी बसली होती. गाडी आवारात ओढून आणली होती आणि तिथेही बसलेली होती. आता कोणालाही, कोणत्याही वेळी, टेप न लावता दिसत होती.

समिती या वेळी पायी आली. माणिकराव बराच वेळ गाडीभोवती फिरले.

"आता तरी पटलं ना, साहेब?" मयुरीनं विचारलं.

"कसं पटेल?" ते म्हणाले. "दोन अहवाल म्हणतात, वाहन समतल. तिसरा कागद तुमच्या सहीचा, तोही म्हणतो दोष नाही. तीन कागद खोटे आणि एक गाडी खरी, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"पण साहेब, ती वाकडी दिसतेय!"

"दिसतेय ना? मीही नाही म्हणत नाही. वाहन समतल आहे आणि तरी वाकडं दिसतंय. म्हणजे दोष कुठं आहे?" त्यांनी बुटाची टाच जमिनीवर आपटली. "इथं."

देशकरांनी मान डोलावली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा स्वच्छ निष्कर्ष पाहिला नव्हता.

फकिरा मयुरीच्या कानाशी म्हणाला, "ताई, एक बलून. येवढा, माठायेवढा."

जमिनीच्या दुरुस्तीला दोन दिवसांत मंजुरी आली. जमिनीसाठी मंजुरी लवकर येते. मोठ्या रस्त्याला लागून, सर्वांना दिसेल अशा जागी, सिमेंटचा चौथरा बांधण्यात आला. त्याचा मागचा डावा कोपरा गाडी जितकी खाली बसली होती बरोबर तितका वर. गाडी ढकलून त्यावर चढवली. गवंड्यानं टपावर पाणसळ ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा बरोब्बर मध्ये. हा बुडबुडा मात्र पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आला, त्याचा फोटो फाईलला लागला.

चौथा गुरुवार या बांधकामात गेला. पाचव्या गुरुवारी सकाळी मयुरी काटा घेऊन गाडीत जाऊन बसली. फकिरा चावी घेऊन उभा राहिला. देशकर धावत आले.

"अहो, काय करताय? खाली उतरली तर परत वाकडी होईल!"

"मग टोल्यावर कशी जाणार, सर?"

देशकरांनी तिच्याकडे ममतेनं पाहिलं. "सिस्टर, पथकाचं नाव काय? संपर्क पथक. संपर्क दोन्ही बाजूंनी होतो. आजवर गाडी गावाकडे जात होती. आता गाव गाडीकडे येईल. परिपत्रक निघालंय."

परिपत्रक टोल्यावर पोचलं, कारण ते न्यायला माणूस आणि मोटरसायकल दोन्ही मिळाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी चौथऱ्यापुढे अकरा बायकांची रांग लागली. सीता सातवी. रात्र सरायच्या आत घरून निघाली होती, नाला ओलांडून बिरसापर्यंत चालली, तिथून बसमध्ये उभ्यानं, बाळ छातीशी बांधलेलं. तिच्या टाचांना नाल्यातला चिखल वाळून पांढरा झाला होता. मयुरीनं बाळाला झोळीत घातलं. झोळी गाडीच्या उघड्या दाराला टांगली. काटा थरथरला, थांबला.

"सत्तर ग्रॅम!" ती जवळजवळ ओरडलीच. सीता तोंडावर पदर धरून हसली. अहवालात त्या दिवशी लिहिलं गेलं, की वाहन स्थिर केल्यापासून बालकांच्या वजनात लक्षणीय वाढ. सबब इतर पथकांची वाहनंही टप्प्याटप्प्यानं स्थिर करावीत.

"दीदी, ये गाडी हमारे उधर काहे नहीं आती अब?" सीतानं बाळाला परत बांधता बांधता विचारलं.

"उधर आली का वाकडी दिसते, बाई," फकिरा म्हणाला. "इथं सरळ हाय."

सीतानं गाडीकडे एकदा नीट पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि परतीच्या बसची वेळ विचारली.

ऊन चढलं होतं. रांग रस्त्याच्या कडेपर्यंत आली होती, त्यामुळे जाणाऱ्या-येणाऱ्यांचा थोडा खोळंबा होत होता. तेवढ्यात एक गाडी मागून हॉर्न देत आली, हळू झाली, आणि काच दोन बोटं खाली सरकली. आतून एक सुशिक्षित, समंजस, अगदी चांगल्या घरातला आवाज म्हणाला, "फुकट काही मिळतंय म्हटलं की बघा, कुठून कुठून येतात हे लोक." काच वर गेली. आतला गारवा आतच राहिला.

मयुरीनं मान वर केली, पण तोवर गाडी पुढे गेली होती आणि तिच्या हातात आठव्या बाईचं बाळ होतं. नंबर काही तिला टिपून घेता आला नाही.

तुमच्या गाडीचा नंबर काय म्हणालात?