साठ घास पोचवायचे तर

वाघमारे काकांनी माझ्या गळ्यात लाळेरं बांधलं, तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. वारज्याच्या बागेत मला झोपाळ्यावर बसवून ते एका हाताने झोका देत होते आणि दुसऱ्या हाताने खिमट भरवत होते. खिमट म्हणजे तान्ह्या मुलांचा पातळ, मऊ डाळभात. चौथा चमचा माझ्या कानाला लागला.

"गळती," काका म्हणाले. "लिही, दत्ता." मी मांडीवरच्या कागदावर लिहिलं.

तेवढ्यात रखवालदार शिट्टी फुंकत आला. "ओ! बारा वर्षांवरच्यांना झोपाळा बंद आहे. पाटी दिसत नाही?"

"हा दोन वर्षांचा आहे," काका शांतपणे म्हणाले. "साडेपाच वाजेपर्यंत."

मी 'नाही' का म्हणालो नाही, असं कॉलेजातले मित्र विचारतात. खरं सांगायचं तर, कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. पुण्यात आलो तेव्हा मला वाटायचं, इथलं मोठं माणूस काही सांगतंय म्हणजे त्यामागे काहीतरी असणारच. अजूनही थोडं वाटतं.

मी कर्वेनगरला काका-काकूंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहतो. काका कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. कोणत्या गावाला किती दिवस पाणी सोडायचं, त्यातलं वाटेत किती मुरेल, हे मोजण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. पाणी सोडायच्या त्या पाळीला 'आवर्तन' म्हणतात. आता कालवा नाही, म्हणून घरात आवर्तनं चालतात. गिझरचं माझं आवर्तन सहा चाळीसला असतं. ताटात दुसरी पोळी मागितली की काका आधी घड्याळ बघतात. काकू विचारतात, "वाढू का, की आधी अर्ज करू?"

हे लाळेऱ्याचं प्रकरण नातीमुळे झालं. सुजाताताई, म्हणजे काकांची एकुलती मुलगी, हैदराबादला असते. तिची इरा दोन वर्षांची. इराने आजोबांना फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं, म्हणून ती त्यांना 'हॅलो' म्हणते. मागच्या वर्षी ती पुण्याला आली आणि फोनमधला हॅलो अख्खा बाहेर उभा पाहून घाबरली. दोन दिवस तिने तोंडात काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सुजाताताई तिला घेऊन परत गेली.

या वेळी जावईबापूंनी महामार्गावरच्या एका थीम पार्कात दोन दिवसांची सहल ठरवली. ताईने फोनवर बजावलं, "बाबा, पहिल्या दिवशी तीन वाजेपर्यंत ती जेवली नाही, तर मी तिथूनच हैदराबादला निघणार. मागच्यासारखं नको."

काका "बरं" म्हणाले आणि फूलस्केप कागद घेऊन माझ्या खोलीत आले.

मला वाटलं, खर्चाचं बजेट असेल. "पैशाचं जावई बघेल," काका म्हणाले. "आपलं बजेट घासांचं." इराच्या पोटात दिवसाला साठ घास जायला हवेत. पण वीस सांडणार, ती झाली गळती. दहा ती थुंकणार, तो परतावा. म्हणजे साठ पोचवायचे तर नव्वद सोडायला हवेत. पार्कातल्या पाळण्यात बसल्यावर गळती किती वाढते याचा अनुभव कुणालाच नव्हता. म्हणून माझी चाचणी झाली. माझी गळती चाळीस टक्के निघाली. मला उगीच वाईट वाटलं.

जावईबापूंच्या आईचं ऐनवेळी येणं रद्द झालं आणि त्यांचं तिकीट मला मिळालं. माझं पद होतं मोजणीदार.

पार्कच्या दारात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, फक्त लहान बाळाचं चालतं. काकांनी नऊ डबे टेबलावर मांडले. सुरक्षा रक्षकाने डबे पाहिले, मग इराला पाहिलं.

"काका, बाळ एकच आहे ना?"

"गळती धरून," काका म्हणाले आणि त्याच्यापुढे तक्त्याची प्रत ठेवली. तीन प्रती आणल्या होत्या.

"सोडा हो त्यांना," काकू मागून म्हणाल्या. "नाहीतर चौथी प्रत काढतील."

साडेनऊचं आवर्तन हत्तींच्या चक्रावर सोडलं. खिमट. पोचलं शून्य. अकराचं, नाचणीची पेज, कारंज्याजवळ. गळती शंभर टक्के, त्यातली बरीचशी जावईबापूंच्या शर्टावर. साडेबाराला काका चमचा घेऊन छोट्या आगगाडीच्या बाजूने पळत होते. आगगाडीत इरा ओठ घट्ट मिटून बसली होती. मागच्या डब्यातला एक अनोळखी मुलगा मात्र दरवेळी आ करत होता. काकांनी तिसऱ्या फेरीला त्याला एक घास दिला. "अनधिकृत उपसा," ते धापा टाकत म्हणाले. "वेगळा लिही."

दोन वाजले. तक्त्यात सगळे शून्य. सुजाताताईने इराचे कपडे पिशवीत भरायला घेतले होते. काका दूर एका बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्याकडे निघालो, तर काकूंनी मला थांबवलं.

"बसू दे जरा. सुजाता एवढी असताना हे कायम कालव्यावर. आवर्तन सुरू झालं की महिना महिना तिकडच्या चौकीत. एकदा घरी आले तर पोरगी दार लावून घेत म्हणाली, 'आई, कुणी काका आलेत.' तिला एक घास कधी भरवला नाही यांनी." मग त्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "आता मोजताहेत."

 

काकांनी बाकावर एक डबा उघडला. तक्त्यात नव्वद घास होते, पण त्यांच्या स्वतःच्या जेवणाची सोय करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. ते गार खिमट बोटांनी खाऊ लागले, खाली मान घालून. इरा आईचा हात सोडून तिकडे गेली. मग तिने डब्यात मूठ घातली आणि काकांच्या तोंडासमोर धरली.

"हॅलो, आ कर."

काकांनी आ केला. अर्धं खिमट त्यांच्या मिशीवर गेलं. इरा खदखदून हसली आणि उरलेलं बोटांनी स्वतः चाटून घेतलं. मग एक मूठ त्यांना, एक तिला. मी मोजायला लागलो आणि सातव्या घासानंतर चुकलो. काकांनी मला विचारलंही नाही.

डबा संपत आला तशी इरा आगगाडीची शिट्टी ऐकून जावईबापूंकडे पळाली. सुजाताताई बाकाशी येऊन उभी होती. तीन वाजायला आले होते. काकांच्या बोटांत शेवटचा घास तसाच राहिला होता. काय करावं ते न कळून त्यांनी तो ताईपुढे धरला.

"बाबा, मी काय लहान आहे का?" ती म्हणाली.

काकांनी हात मागे घेतला नाही.

मग ताई पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसली आणि तिने तोंड उघडलं.