आईचा हात ओळखणाऱ्या वझेबाई

वझेबाई पाटी वाचत नाहीत, आधी हुंगतात.

आमच्या मुलांच्या शाळेत दरवर्षी आनंदमेळा भरतो. मुलं स्टॉल लावतात आणि स्टॉलची पाटी स्वतःच्या हाताने बनवतात. सगळ्यांत छान पाटीला बक्षीस असतं आणि परीक्षक असतात वझेबाई. नियम एकच, मोठ्या माणसाने पाटीला बोट लावायचं नाही. बाई पाटी नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "हा हात कोणाचा? पुठ्ठ्याला फोडणीचा वास येतोय. आईचा हात. बाद."

बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये, ठाकुर्लीला, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. उभा जन्म वर्तकनगरच्या एका शाळेत हस्तकला शिकवण्यात गेला. यजमान गेले, मुलगा बंगलोरला. जगावर विश्वास असा त्यांनी कधी ठेवलाच नाही. भाजीवाल्यासमोर कोथिंबिरीची जुडी सोडून आतली काडी न् काडी तपासतात. मी एकदा त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, तर थँक्यू राहिलं बाजूला, "तुम्हाला कोणी सांगितलं?" म्हणून माझीच उलटतपासणी झाली.

त्यांना फसवायचे प्रयत्न काय कमी झाले? तिसऱ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअर वडिलांनी मुलाच्या पाटीवर कुरमुरे चिकटवून मुद्दाम वाकडीतिकडी अक्षरं काढली. लहान मुलाचं वाटावं म्हणून 'भेळ'मधल्या कुरमुऱ्यांपैकी निम्मे पाडलेसुद्धा. बाईंनी पाटी उन्हात तिरपी धरली. "वाकडं काढायचं म्हणून सहावीतलं पोर आधी पट्टीने रेघा आखत नाही हो," त्या म्हणाल्या. इंजिनिअर तेव्हापासून लिफ्टमध्ये बाई दिसल्या की जिन्याने जातात.

यंदा मात्र संशयाचं तोंड उलटं फिरलं. तळमजल्यावरच्या गायकवाडांची तन्वी पाचवीत आहे. तिचे वडील बोटीवर असतात, आई ठाण्याच्या एका हॉस्पिटलात नर्स. आईची दुपारपाळी असली की तन्वी शाळेतून येते, कुलूप उघडते आणि एकटी बसते. ती हल्ली रोज बाईंकडे जाते, असं माझ्या बायकोने पाहिलं. दार बंद, पडदे ओढलेले आणि आतून कात्रीचा आवाज!

"अरे, परीक्षकच पाट्या बनवायला लागल्यावर बाकीच्यांनी काय करायचं?" बायको म्हणाली. ती स्वतः तेव्हा चिन्मयच्या, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या पाटीवर लिंबाच्या वाळवलेल्या चकत्या चिकटवत होती. "तू जा. विरजण मागायला म्हणून जा आणि बघून ये."

गेलो. बाईंनी साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं.

"विरजण हवं होतं थोडं."

"दुपारी चारला? दूध तापवलंत?"

दूध फ्रीजमध्ये होतं. दाराबाहेर सशाचे कान असलेल्या गुलाबी चपला होत्या, माझ्या तळहाताएवढ्या. मी त्यांच्याकडे बघतोय हे बाईंनी बघितलं.

"माझ्याच आहेत," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

बाईंच्या पदराला रंगीत कागदाचे कपटे चिकटलेले मी पाहिले होते. बातमी संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फिरली. एवढी वर्षं लोकांच्या आयांचे हात बाद करणारी बाई रंगेहाथ सापडणार, या विचाराने बिल्डिंगला अगदी सणासुदीचं वातावरण आलं. खरं सांगायचं तर मलाही आनंद झाला होता. ज्याने आपल्याला कायम चोर समजावं, तोच चोर निघतो म्हटल्यावर बरं वाटतंच.

मेळ्याच्या दिवशी आम्ही झाडून सगळे हजर. बाई भिंग घेऊन आल्या. मेंदीच्या स्टॉलवर बांगड्यांच्या तुकड्यांचं मोठं मनगट होतं, ते पास झालं. आमच्या 'लिंबू सरबत'पुढे त्या थांबल्या. बायकोने संशय नको म्हणून सगळ्या चकत्या डाव्या हाताने कापल्या होत्या. बाईंनी एक चकती भिंगाखाली धरली आणि चिन्मयला प्रेमाने विचारलं, "तुझी आई डावखुरी कधीपासून झाली रे?"

बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. "होऊ दे. आता पुढे बघ तू."

पुढे तन्वीचा स्टॉल होता. मेळ्यात कोणाचं काही हरवलं तर तिथे ठेवायचं. पाटीवर लिहिलं होतं, 'हरवलेल्या वस्तू इथे मिळतील'. आणि एकेक अक्षर एकट्या पडलेल्या वस्तूंचं! कशात एकच कानातलं, कशात जोडीदार हरवलेला मोजा, कुठे शाळेच्या शर्टाचं बटण, कुठे चष्म्याची काडी वाकवून केलेली वेलांटी. सुंदर होती पाटी, नाही कशी म्हणू? मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बाई, पहिला नंबर हाच ना?"

वझेबाईंनी पाटी हुंगली. बराच वेळ हुंगली.

"हा हात कोणाचा?"

तन्वीने त्यांच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. पोरीला ग्रुपवरची कुजबुज कळली असावी. तिने मान ताठ केली. "माझाच. मी एकटीने केलंय. कोणी पण मदत नाही केली." एवढ्याशा पोरीने बाईंना वाचवायला इतकं सपशेल खोटं बोलावं! माझा आनंद तिथेच उतरला.

"खोटं बोलू नये," बाई म्हणाल्या. "अक्षरं हिची, कल्पना हिची. ही काडी मी वाकवलीय. बाद."

"अहो, एवढी मदत चालते," मुख्याध्यापिका गडबडल्या.

"मला नाही चालत. मी नुसती शेजारी बसणार होते. वस्तू शोधून दिल्या, तिथेच थांबायला हवं होतं." बाई भिंग पुसू लागल्या. "राहवलं नाही हो. किती वर्षांनी माझ्या टेबलावर कोणीतरी गोंद सांडला."

तन्वीचे डोळे भरले. तिने पाटी उचलली, स्टॉल मैत्रिणीवर सोपवला आणि वर्गात जाऊन बसली. बाईंनी उरलेल्या पाट्या पाहिल्या, पण एकही हुंगली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मी जिन्यातून जात होतो, तर बाईंचं दार सताड उघडं! साखळी नाही, काही नाही. बाई उंबऱ्यात उभ्या. म्हणाल्या, "खाली मुलं खेळताहेत का?" मी म्हटलं, "तन्वी नाहीये खेळायला." "मी तिचं कुठे विचारलं?" त्या फटकन म्हणाल्या, पण आत गेल्या नाहीत. मला त्यांचं फार वाईट वाटलं. पाटी बाद करताना बक्षिसाबरोबर ही पोरही जाणार, हे त्यांना ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी ती बाद केली.

तेवढ्यात खालून धपधप पावलं वाजली. तन्वी वर आली. रुसवा अजून नाकाच्या शेंड्यावर होता. कंबरेवर हात ठेवून ती बाईंपुढे उभी राहिली.

"पुढच्या वर्षी तुम्ही हात लावायचा नाही. नुसतं बसायचं."

"नाही लावणार."

"मला नाही खरं वाटत. मागच्या वेळी पण असंच बोललेलात. गळ्याची शप्पथ घ्या."

वझेबाईंनी मुकाट्याने आपला गळा चिमटीत धरला. तन्वीने ती चिमूट नीट लागली आहे ना हे जवळून तपासलं आणि मगच ती आत गेली.

मी जिना चढताना सहज आत पाहिलं. टेबलावर नवा पुठ्ठा पसरला होता, पोरगी काहीतरी कापत होती आणि समोरच्या खुर्चीत वझेबाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या.