रेवाऊसाहेबांचे पहिले बाळंतपण आणि महाद्वाराची किल्ली

श्री. आदौ नमन गजाननास, मग कुलस्वामिनीस, आणि मग सटवाईस, जिच्या अक्षरात खाडाखोड होत नाही. शके सोळाशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे घडले त्याचे हे कथन. राज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. राज्य लहान होते आणि नाव मोठे होते. लिहिणार पुरुष आणि विषय बायकांचा, सबब जेथे चुकले असेल तेथे वाचणाऱ्या बायांनी मनात दुरुस्त करून घ्यावे आणि पुढे जावे.

तर त्या राज्यी हैबतराव महाराज राज्य करीत होते, आणि त्यांच्या राणीसाहेब रेवाऊ यांस पहिलेपणाचे दिवस गेले होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही सर्वत्र चाल, आणि माहेर तरी किती दूर, सज्जात उभे राहिले की नदीपलीकडचा बुरूज दिसावा. परंतु मध्ये हत्ती आडवा आला. तो ऐसा की, लग्नात रेवाऊंच्या वडिलांनी भोळागज नावाचा हत्ती आंदण दिला, आणि भोळागजाने सासरी येताच महाराजांचा उसाचा मळा एका दुपारी खाऊन टाकिला, आणि मग महाराजांनी रागे भरून हत्ती परत धाडिला. आंदण परत आले हे पाहून सासरे कोपले, आणि सासरे कोपले हे ऐकून महाराज कोपले, आणि महाद्वारास मोठे कुलूप घालून आज्ञा जाहली की, नदीपलीकडचे माणूस आत येणार नाही आणि आतले पलीकडे जाणार नाही. येरवी लोकांस जाण्यायेण्यास दिंडी दरवाजा होता, तेथे पहारा बसला. हे दोन वर्षांमागे जाहले. आता राणीसाहेबांस सातवा लागला, तेव्हा त्यांनी हळूच विचारिले, "मग मी आईकडे कधी जायचे?" महाराज म्हणाले, "जायचे काय कारण? आम्ही सर्व तयारी येथेच करू. तयारीत आमचा कोणी हात धरणार नाही."

आणि खरेच तयारी ऐसी जाहली की, लढाईस न होई. महाराजांनी सरदारांस बोलावून मसलत केली, आणि बाळंतिणीची खोली कोणत्या दिशेस असावी, शत्रूची नजर कोणत्या खिडकीतून येईल, याचा विचार केला. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, ओवा यांची पोती कोठारात रचिली, शेकशेगडीचे कोळसे दारूखान्याच्या शेजारी ठेविले, मग कोणी शहाण्याने ते तेथून काढविले. पुढे महाराजांच्या मनात आले की, ऐनवेळी घोटाळा नको, सबब एकदा सराव करावा. राणीसाहेबांच्या जागी पोटाने थोर असा एक हवालदार निजविला, दायांनी पाणी तापविले, वैद्यराजांनी काढा उकळिला, शिंगे वाजली, आणि हवालदार कण्हू लागला, आणि कण्हता कण्हता इतका रंगला की, त्याच्या डोळ्यांतून पाणी आले आणि तो आईला हाका मारू लागला. त्याला साखरपाणी देऊन घरी पोचविले. राणीसाहेब झरोक्यातून पाहात होत्या. प्रथम त्या पोट धरून हसल्या, आणि मग हवालदाराने आईला हाक मारिली तेव्हा हसणे थांबले, आणि त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

कारण ऐसे होते की, डिंकाची पोती मोजून भीती जात नव्हती. रेवाऊंस एकच गोष्ट जाणावयाची होती, की ते असते कसे, दुखते तरी किती, आणि आपल्याच्याने होईल की नाही. हे त्यांनी ज्याला त्याला विचारिले. थोरल्या मासाहेबांस, म्हणजे सासूबाईंस विचारिले, तेव्हा त्या सुपारी कातरीत म्हणाल्या, "आठवत नाही गं सूनबाई. आठवत असतं तर हैबतीच्या पाठीवर दुसरा झाला असता का?" वैद्यराजांस पडद्याआडून विचारिले, तेव्हा त्यांनी संस्कृत श्लोक म्हटला, आणि अर्थ विचारिता दुसरा म्हटला. कोंडाबाई सुईणीस विचारिले. ही बाई हाताची चांगली, पण तोंडाने भारी बढाईखोर. ती म्हणाली, "बाईसाहेब, माझ्या हाताखाली निम्मं गाव जन्माला आलं. तो किल्लेदार निंबाजी आहे ना, मिशा पिळत हिंडतो, तो पायाळू. पायाकडून आला, आणि तेव्हापासून उलटाच चालतोय." रेवाऊ म्हणाल्या, "ते असू दे. दुखतं किती ते सांग." तेव्हा कोंडाबाई एकदम डब्यातले वेखंड निवडू लागली आणि म्हणाली, "असलं अगोदर बोलू नये." शेवटी महाराजांसच विचारिले. महाराज म्हणाले, "लढाईच्या आदल्या दिवशी आम्हासही ऐसेच होते. मग पोट बिघडते, आणि त्यानंतर बरे वाटते." ते मनापासून बोलिले, म्हणोन राणीसाहेबांनी त्यांस विडा करून दिला.

मग रेवाऊंनी एक केले. बांगड्या भरणारा कासार दोन्ही राज्यांत फिरे. बायकांचे हात उघडे राहू नयेत म्हणोन त्याला दिंडीतून सोडीत. हिरवा चुडा भरून घेता घेता त्यास सांगितले, "आईला म्हणावं, मला एक विचारायचं आहे. बाकी सगळ्यांना विचारून झालं." इतकाच निरोप. आणि थोड्याच दिवसांत नदीपलीकडून मेणा आला, मागे बाळंतविड्याच्या पाट्या, त्यात कुंच्या, अंगडी, दुपटी, आणि जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी, आणि मेण्यातून रेवाऊंच्या आई चिमाऊसाहेब उतरल्या आणि महाद्वाराशी उभ्या राहिल्या. निंबाजी किल्लेदाराने वरून हात जोडिले आणि महाराजांस वर्दी दिली. महाराज म्हणाले, "त्यांस सन्मानाने परत जाण्यास सांगावे. मळ्याविषयी सासऱ्यांनी एक शब्द बोलावा, कुलूप त्याच क्षणी निघेल." निंबाजीने तसे सांगितले. चिमाऊसाहेब म्हणाल्या, "सन्मानाने परत जाता येत नाही बाबा, गुडघे दुखतात. मी सन्मानाने बसते." आणि दरवाजासमोरच्या चिंचेखाली राहुटी मारून बसल्या, आणि चूल मांडून डिंक तळू लागल्या. त्या तुपाचा वास तटावरून आत आला, आणि पहारेकरी कासावीस जाहले, आणि राणीसाहेबांस तो वास येताच कळले की, आई आली आहे आणि दरवाजाबाहेर आहे. त्यांनी महाराजांस विनविले, एकदा रुसून पाहिले, एकदा जेवण टाकिले, पण पोटातल्याने लाथ मारिली म्हणोन पुन्हा जेवल्या. महाराज भिंतीवरची ढाल काढून पुसू लागले.

ऐसे असता एके दिवशी सकाळी, सूर्य तटावर चढला न चढला तोच राणीसाहेबांस कळा सुरू जाहल्या. कोंडाबाई पदर खोचून आली आणि म्हणाली, "वाड्यातली गाठ न् गाठ सोडा, कुलूप न् कुलूप काढा. काही बांधलेलं राहिलं तर बाळ अडतं." ही चाल त्या मुलखी सर्वांस ठाऊक, आणि घरोघर पेटी आणि कपाट उघडिले की भागे. परंतु हे राजाचे घर, येथे कुलपांस तोटा नाही. तेव्हा जामदारखाना उघडिला, आणि शस्त्रागार उघडिले, आणि धान्याची पेवे उघडिली, आणि लोणच्याच्या बरण्यांचे दादरे सोडिले, आणि घोडे सोडिले, ते फुलबागेत चरू लागले. सरदारांनी पगड्या सोडिल्या, त्यांची टोके जमिनीवर लोळू लागली. शास्त्रीबुवांनी शेंडीची गाठ सोडिली. धोतराच्या गाठींविषयी वाद पडला, तो निकाली निघाला नाही. बंदिखान्यात एक चोर होता, त्याचे दार उघडिले, तेव्हा तो म्हणाला, "जेवणाची वेळ झाली आहे, जेवून जातो." रेवाऊंस आत पडल्या पडल्या हा सारा खडखडाट ऐकू येत होता, आणि दोन कळांच्या मध्ये त्या विचारीत, "आता काय उघडलं?" आणि दायी सांगत, आणि त्यांस हसू येई, आणि हसू ओठांवर असताच पुढची कळ येई.

दोन प्रहर जाहले, दिवस कलला, आणि मूल येईना. कोंडाबाईची बढाई कमी होत होत बंद पडली, हे रेवाऊंच्या ध्यानी आले, आणि तेव्हा मात्र त्या फार भ्याल्या. अंग गळून गेले होते. आता आपल्याच्याने होणार नाही, ऐसे त्यांस स्पष्ट वाटले, आणि भिंतीपलीकडे, दरवाजापलीकडे, चिंचेखाली बसलेले एक माणूस डोळ्यांपुढे आले. त्यांनी कोंडाबाईचा हात घट्ट धरिला आणि म्हणाल्या, "कोंडाबाई, एक कुलूप अजून लागलेलं आहे."

"कुठलं बाईसाहेब? सगळी काढली की."

"महाद्वाराचं."

कोंडाबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. ती बढाईखोर होती, मूर्ख नव्हती. ती तडक बाहेर आली आणि महाराजांपुढे उभी राहून म्हणाली, "महाराज, कुलूप राहिलंय. मोठं. माझ्या हाताचं यश त्यात अडकलंय, पुढचं मला विचारू नका." महाराज सोडलेली पगडी गळ्यात घेऊन येरझारा घालीत होते. ते म्हणाले, "ते कुलूप वाड्याचे नव्हे, राज्याचे आहे." तेव्हा थोरल्या मासाहेब, ज्या सकाळपासून कोपऱ्यात जप करीत होत्या, माळ न थांबविता म्हणाल्या, "आणि हैबती, मूल कोणाचं आहे? वाड्याचं की राज्याचं?" इतक्यात आतून रेवाऊंची किंकाळी आली. मग महाराज धावत निघाले, आणि पगडीत पाय अडकून एकदा पडले, आणि उठून पुन्हा धावले, आणि निंबाजीच्या कमरेची किल्ली स्वहस्ते ओढून घेतली. कुलूप दोन वर्षांचे गंजलेले, फिरेना. तेव्हा बाहेरून आवाज आला, "फटीतून तूप देते, घाला त्यात." आणि फटीतून डिंकाच्या लाडवांचे तूप पळीने आत आले, आणि त्या तुपाने राज्याचे कुलूप उघडिले.

दरवाजा उघडला तेव्हा चिमाऊसाहेब समोर उभ्या, हाती पळी. महाराजांनी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, पगडी सुटली आहे." महाराज म्हणाले, "आज सगळेच सुटले आहे." मग त्यांनी पुढे होऊन सासूबाईंच्या हातची पळी घेतली, आणि निंबाजीने गोधडी घेतली, आणि चिमाऊसाहेब दुखऱ्या गुडघ्यांनी जितके झरझर चालवेल तितक्या झरझर चालत बाळंतिणीच्या खोलीत आल्या.

रेवाऊंनी डोळे उघडिले. आईच्या हाताला तुपाचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता. त्या म्हणाल्या, "आई, किती दुखतं?" चिमाऊसाहेब उशाशी बसल्या, मुलीचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "पुष्कळ दुखतं, रेवू. आत्ता दुखतंय त्याहून थोडं जास्त दुखेल. मग संपेल. मलाही वाटलं होतं माझ्याच्यानं होणार नाही, आणि तसं वाटलं की समजायचं, आलंच. ओरड तू. मी तुझ्या वेळी तुझ्या बापाच्या नावानं इतकी ओरडले होते की पागेतले घोडे उधळले." रेवाऊ म्हणाल्या, "हे कोणीच सांगितलं नाही." चिमाऊसाहेब म्हणाल्या, "मी सांगायला आले होते. दार लागलं होतं." मग रेवाऊ ऐशा ओरडल्या की, तटावरचे पारवे उडाले, आणि त्यात महाराजांचे नाव, हत्तीचे नाव आणि उसाचे नाव सर्वांस स्वच्छ ऐकू आले. आणि गुरे घरी परतण्याच्या सुमारास बाळ जन्मास आले. कन्या जाहली. काळीसावळी, मुठी आवळलेली. कोंडाबाईने त्या मुठी पाहिल्या आणि म्हणाली, "हिच्या तेवढ्या गाठी राहू देत."

महाराजांस आनंद अपार जाहला, आणि त्यांनी आज्ञा केली की, हत्तीवरून साखर वाटावी. सर्व जागच्या जागी उभे राहिले. निंबाजी म्हणाला, "महाराज, साखर आहे." महाराज म्हणाले, "मग?" निंबाजी म्हणाला, "हत्ती नाही." तेव्हा महाराजांनी नदीपलीकडे माणूस पाठविला की, कन्या जाहली, आपला भोळागज मागणे आहे, ऊस आम्ही तोडून ठेवितो. सासरे स्वतःच हत्तीवर बसून आले. मळ्याविषयी कोणी शब्द काढिला नाही. साखर वाटता वाटता अर्धी भोळागजाने खाल्ली, आणि ती तक्रारही कोणी केली नाही.

चौथे दिवशी निंबाजी बाळंतिणीच्या दाराशी येऊन खाकरला. कुलूप उघडल्यापासून महाद्वाराची किल्ली सापडेना, आणि दरवाजा सताड उघडा पडला होता. राणीसाहेब आतून म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे आहे. आईनं येताना कुलपातून काढून आणली. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवावं लागतं." निंबाजी म्हणाला, "बाईसाहेब, त्याला विळा चालतो. अडकित्ता चालतो." रेवाऊंनी मांडीवरच्या लेकीला दुपट्यात गुंडाळिले आणि म्हणाल्या, "मला ही मानवली आहे." चिमाऊसाहेब शेगडीवर ओवा टाकीत होत्या, थोरल्या मासाहेब अडकित्त्याने सुपारी कातरीत होत्या, आणि दोघींनीही वर पाहिले नाही.

सारांश, त्या राज्यात तयारी उत्तम जाहली आणि बहुतेक कामास आली नाही. कन्या मोठी जाहली, तिला धाकटी भावंडे जाहली, आणि दर खेपेस ती किल्ली उशाशी राहिली, मधल्या काळात पाळण्यास टांगलेली असे. महाद्वार पुन्हा लागले नाही. कुलूप पुढे कोणी वितळवून त्याची पळी केली, ती राणीसाहेबांच्या मुदपाकखान्यात डिंक तळण्यास होती. जसे ऐकिले तसे लिहिले. लेखनसीमा.