डाव्या गालावरचा सरकारी तीळ

झुलालने ठरवलं की सासऱ्यांना कॅमेऱ्याच्या आतली काच दाखवायची. एवढंच त्याने ठरवलं. त्यापुढे जे काही झालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

साल पंच्याण्णवच्या आसपासचं असेल. मतदारांची फोटोवाली कार्डं काढायचं काम निघालं होतं आणि जळगावच्या एका कंत्राटदाराने झुलालला कॅमेऱ्यावर घेतलं होतं. झुलाल मेहरूणचा. लग्नाचे फोटो काढायचा. (म्हणजे नवरीचे डोळे मिटले की बरोब्बर बटण दाबायचा.) पण हा कॅमेरा वेगळा होता. वायरीने कॉम्प्युटरला जोडलेला, आत रीळच नाही. कंत्राटदाराने बजावलं होतं, "लेन्स खोलायची नाही. आत चिप आहे. तिच्याकडे जोरात बघायचंसुद्धा नाही."

आणि काम कुठलं मिळालं, तर पारोळ्याजवळच्या त्याच्या सासुरवाडीचं.

सासरे तोताराम आबा. गावात शब्दाला वजन. पण लग्न झाल्यापासून त्यांनी झुलालला एकदाही जावई म्हटलं नव्हतं. थोरला जावई एसटीत कंडक्टर, तो आला की "या जवाईबापू!" आणि झुलाल आला की "फोटोवाला उना का?" बायको सुनंदा म्हणायची, "आबांचा स्वभावच तसा." झुलालला पटत नव्हतं. एकाच माणसाचा स्वभाव दोन जावयांसाठी दोन कसा? म्हणून या वेळी तो जीपमधून, सरकारी कामाचा कॅमेरा मांडीवर घेऊन आला. या वेळी तरी तो शब्द ऐकायचाच होता.

सासूबाईंनी, शेवंताबाईंनी, शेवभाजी केली होती. रश्श्यावर बोटभर तेल. झुलाल पोटभर जेवला. तेवढ्यात आबा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "यामा रीळ कोठे शे?"

"रीळ नसतं आबा. जमाना बदलला," झुलाल म्हणाला आणि लेन्स फिरवून काढली. आत नखाएवढी काच चमकत होती. "सगळं गाव या काचेत मावतं. फक्त हिला हात लावायचा नाही."

"हात लावाना नई म्हंजे कसा?"

"असा," असं म्हणून झुलालने हात कसा लावायचा नाही ते लावून दाखवलं.

काचेवर उजव्या अंगठ्याची शेवभाजी उमटली. झुलालने काच आबांच्या उपरण्याने पुसली, तर तेल पसरलं. तोंडाची वाफ दिली, तर तेल खूश झालं. शेवंताबाई म्हणाल्या, "राखनं घासा, भांडं निंघस तसं." एव्हाना झुलालची अवस्था अशी होती की त्याला तेही पटलं. चुलीतली चिमूटभर राख लागली आणि चमत्कार झाला. सगळं तेल निघालं. फक्त एक थेंब राहिला, आणि त्यावर काजळीचा एक कण असा बसला की जणू तिथलाच रहिवासी.

सकाळी शाळेत कॉम्प्युटर लावला. पडद्यावर एक काळा, गोल ठिपका. झुलालने विचार केला. कंत्राटदाराला सांगावं, तर नोकरी जाणार, आणि आबांसमोर जीप रिकामी परत जाणार. मग त्याने खुर्ची सरकवून बघितली. ठिपका कपाळावर घेतला तर बायकांना कुंकू शोभत होतं, पण पुरुषांचं काय? डोळ्यावर घेतला तर मोतीबिंदू दिसत होता. नाकावर माशी. शेवटी डावा गाल नक्की झाला. गालावर ठिपका म्हणजे तीळ, आणि तीळ कोणालाही असू शकतो. (एखाद्याला असू शकतो आणि सगळ्या गावाला असू शकतो, यातला फरक त्याला त्या क्षणी सुचला नाही.)

फोटोला यायला बायका लाजत होत्या. आबांनी घरोघरी जाऊन सगळ्यांना आणलं. "मना शब्द शे," म्हणाले.

कार्डं आली तेव्हा गावात थोडी गडबड झाली. बेबाबाई म्हणाली, "मना गालवर तीळ कव्हय उना?" भटूचं तोंड इतकं चिंचोळं की त्याचा तीळ गाल सोडून कानाशेजारी हवेत होता. सगळे आबांकडे गेले. आबांनी स्वतःचं कार्ड लांब धरून बघितलं, मग आरसा मागवला, मग परत कार्ड बघितलं.

"सरकारी कार्ड शे," ते सावकाश म्हणाले. "सरकारले खोटं बोलीसन काय भेटनार? मी तरी मनं तोंड नीट कव्हय दखं? व्हई तीळ."

सगळे आपापलं कार्ड घेऊन घरी गेले. खरंच, रोज दाढी करणारा माणूसही दाढीच बघतो, तोंड कुठे बघतो?

मतदानाच्या दिवशी झुलाल पहाटेच्या एसटीने आला. आपलं काम कसं दिसतं ते बघायला, असं तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला झोप लागत नव्हती. आबा रांगेत पहिले होते. धुळ्याहून आलेले केंद्रावरचे साहेब फार नियमाचे. त्यांनी कार्ड बघितलं, आबांना बघितलं.

"तीळ कुठे आहे?"

"गया व्हई," आबा म्हणाले.

"तीळ जात नाही. पुढचा!"

पुढच्यालाही तीळ नव्हता. त्याच्या पुढच्यालाही नाही. आबांच्या शब्दावर आलेलं अख्खं गाव आबांकडे बघत परत फिरलं. आबा शाळेच्या ओट्यावर खाली मान घालून बसले. झुलालला वाटलं, आता पाय धरून सांगून टाकावं. तोंड उघडलं, पण आवाज आला शेवंताबाईंचा.

"सरकारले तीळ पायजे ना? बठ्ठासले लावस मी!"

काजळाची डबी आली. ओट्यासमोर सगळ्या गावाची रांग लागली. टिकली, टिकली, टिकली. भटूचा प्रश्न होता, तर त्याला एक पुठ्ठा दिला, कानामागे धरायला, आणि तीळ पुठ्ठ्यावर काढला. साहेबांनी तो कार्डाशी ताडून बघितला आणि म्हणाले, "हां. आता जुळतं. तुम्ही अगोदर कुठे होता?"

दुपारपर्यंत गाव मत देऊन मोकळं झालं. आबा मत देऊन बाहेर आले आणि रांगेकडे बघत उभे राहिले. सगळ्यांच्या गालावर एकाच जागी एकच ठिपका. मग त्यांनी हळूच झुलालच्या उजव्या अंगठ्याकडे बघितलं.

"शेवभाजी," ते म्हणाले.

झुलालने मान खाली घातली. तेवढ्यात फाटकावरच्या हवालदाराने त्याचीच कॉलर धरली.

"ए, अख्ख्या गावाला तीळ आहे, तुला कसा नाही? कार्ड दाखव!"

झुलालने मेहरूणचं कार्ड दाखवलं. ते दुसऱ्याच कॅमेऱ्यावर काढलेलं होतं. हवालदाराने फोटो बघितला, तोंड बघितलं. काजळाशिवाय तंतोतंत जुळत होतं. सकाळपासून असं कार्ड त्याने पहिल्यांदाच बघितलं होतं, त्यामुळे त्याचा संशय पक्का झाला.

"बोगस! चल जीपमध्ये. आबा, ओळखता का याला? तुमचा कोण हा?"

लोक जमले. आबा झुलालजवळ आले. त्याची हनुवटी धरून डावा गाल उजेडाकडे वळवला आणि नीट बघितलं, जणू आजच पहिल्यांदा बघत होते.

"जवाई शे मना," आबा म्हणाले.

हवालदाराने कॉलर सोडली. झुलालचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "आबा, इतकी वर्षं तुम्ही मला फोटोवालाच म्हणत होता…"

"आते कसं म्हनू?" आबा गालावरची टिकली उपरण्याने पुसत म्हणाले. "तुले फोटो काढता येस नई ना."