नानाजीभाऊंचा आडवा टीव्ही

मला माजरीत टिकवलं ते नानाजीभाऊंनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात ते थोडे येडपट दिसतील, आणि वाचणाऱ्यानं त्यांना नुसतं हसून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. हसा, पण हे लक्षात ठेवून हसा.

नानाजीभाऊ कोणाला हाक मारत नाहीत. पाय आपटतात. दुकानात माझी पाठ असली की फरशीवर धाप्पकन पाय पडतो, मी वळते, मग ते तोंड मोठ्ठं उघडून एकेक शब्द चावत विचारतात, "बाई, चहा, पेते, का?" पाठीमागून कधी बोलणार नाहीत. आधी समोर येणार, उजेडाकडे तोंड करणार, मग बोलणार. समोरच्या चहाटपरीवाले मधुकरभाऊ म्हणतात, "नानाजी पहिले फोटो काढायले उभा राह्यते, मंग बोलते." पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक धाप्पला दचकायची. वाटायचं, झालं, काहीतरी चुकलं आपलं, आता कामावरून काढतात.

दचकणं माझ्या अंगातच आहे. मी धानोऱ्याकडची, जंगलातल्या गावची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन या कोळसाखाणीच्या माजरीला आले, नवरा कोळशाच्या टिप्परवर. इथं ना जंगल, ना ओळखीचं माणूस. दोरीवर पांढरं वाळत घालावं आणि राखाडी काढून आणावं. कामासाठी चार दुकानं फिरले. सगळीकडे पहिला प्रश्न, "किती शिकली?" आणि 'नववी' म्हणायच्या आधीच माझा आवाज बसायचा. नानाजीभाऊंनी वेगळंच विचारलं.

"वीसपर्यंत मोजता येते?"

"येते."

"बस. जगातली सारी वायर वीस-वीसनंच गुंडाळली जाते."

ते खाणीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाल्यावर पंखे आणि मोटारी रिवाइंड करायचं हे दुकान टाकलं. मागच्या खोलीत एकटेच राहतात. जळकी मोटार यायची, आम्ही तिची तार काढून नवी गुंडाळायची. मोटार सुरू झाली की बाकीचे मिस्त्री कान देऊन ऐकतात. नानाजीभाऊ तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटतात. "कानाचं सोड, हाताले विचार." हे त्यांचं पेटंट वाक्य. गिऱ्हाइकालाही हात ठेवायला लावतात. एका पिठगिरणीवाल्याला त्यांनी मोटारीवर हात ठेवून इतका वेळ उभं केलं होतं की तो शेवटी म्हणाला, "भाऊ, मोटार दुरुस्त झाली, का शपथ घेऊन राह्यलो मी?"

तर या माणसानं एकदा मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि आमच्या दुकानाचं स्वास्थ्य गेलं.

पिनबॉल नावाचा खेळ असतो. उतरत्या टेबलावर लोखंडी गोळी सोडायची. ती खांबांवर आपटत खाली येते. खाली दोन लहान फळ्या. बाजूची बटणं दाबली की फळ्या गोळीला परत वर फटकावतात. गोळी दोघींच्या मधून निसटली की खेळ खलास. व्हिडिओतल्या माणसानं हे घरी बनवलं होतं, तेही खऱ्या गोळीशिवाय. पेटीत टीव्ही आडवा झोपवला, त्याला कॉम्प्युटर जोडला, गोळी आणि फळ्या सगळं पडद्यावर. फक्त बटणं खरी.

"आपण बनवून राह्यलो," नानाजीभाऊंनी जाहीर केलं.

जुना मोठा टीव्ही मिळाला. कॉलनीतून कोणाचा तरी टाकलेला कॉम्प्युटर आला. जुन्या दिवाणाच्या सागवानी फळ्यांची कमरेइतकी उंच, लांबट पेटी झाली. मधुकरभाऊ रोज कपबशा न्यायला येत आणि पेटीभोवती एक चक्कर मारत. "नानाजी, कोणाच्या मापाची हाय?" दुसऱ्या दिवशी टीव्ही आत गेला तर, "ह्याले ताप आला का? झोपवलं काऊन?"

नानाजीभाऊंचं लक्ष नव्हतं. त्यांचं सगळं अडलं होतं धक्क्यावर. गोळी खांबाला लागली की आवाज स्पीकरमधून यायचा. तो त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केला. "गोळी खोटी हाय. आवाजबी खोटा. धक्का तरी खरा पाह्यजे ना!" म्हणून पेटीच्या पोटात तार गुंडाळलेल्या सहा कॉइल बसवायच्या. पडद्यावर गोळी जिथं आपटेल, तिथली कॉइल आतला खिळा उडवणार, तो लाकडावर ठक्‌कन बसणार, आणि बटणावरच्या हाताला ते कळणार.

आणि हे सगळं रविवारच्या आत. रविवारी त्यांची ताई येणार होती, नागभीडकडून, बल्लारपूरला गाडी बदलून. एका दिवसासाठी. "मंग ते पोरासंग सिरोंच्याले राहायले चालली. इतक्या दूरून आता कुठी येते! रविवारी चाललं तर चाललं, नाई तर राह्यलं."

मी म्हटलं, "भाऊ, ताईंना फोन करून विचारा ना, संध्याकाळपर्यंत थांबतील का."

"मी फोन करत नाई तिले."

इतकं तोडून बोलले की मी हातातलं काम पुढं ओढलं. दुकानात वर्षभर होते मी. या माणसानं बहिणीला एक फोन केलेला नव्हता. मला वाटलं, भांडण असणार, जमिनीचं नाहीतर मानपानाचं, आणि आता हे यंत्र दाखवून गोडीत यायचं चाललंय. मनात म्हटलं, म्हाताऱ्या बहिणीला पिनबॉल? साडी तरी घ्यायची.

पाच कॉइल त्यांनी स्वतः गुंडाळल्या. शनिवारी सकाळी सहावीचं रिकामं रीळ माझ्यापुढं ठेवलं. "डाव्या हाताची तू कर. पाचशे फेरे." डाव्या फळीला ते डावा हात म्हणत.

पंख्याची गुंडाळी आम्ही मशीनवर करतो, फेरे काट्यावर दिसतात. हे रीळ बोटाएवढं, मशीनला लागेना. हातानंच करायचं, तोंडानं मोजायचं. आणि त्यांनी पहिल्यांदा कामावर उभं न राहता मला एकटीला सोडलं होतं. विश्वास टाकला की मला जास्तच भीती वाटते. वीस-वीस मोजत पंचवीस वेळा केलं. झालं तेव्हा रीळ जाड वाटलं. पेटीतल्या पत्र्याच्या चौकटीत जाईना. परत उघडून मोजायची हिंमत झाली नाही, विचारायची तर त्याहून नाही. स्क्रू फिरवायच्या पेचकसानं दाबलं, बसलं. मी म्हटलं, "झालं भाऊ."

रविवारी सकाळी ट्रायल. गोळी सुटली, वरच्या खांबावर ठक, उजव्या हाताला ठक. नानाजीभाऊंचे डोळे मिटलेले, चेहरा एखाद्या आरतीतल्यासारखा. मग त्यांनी डावं बटण दाबलं. पेटीच्या पोटातून आधी वास आला, मग धूर.

त्यांनी झटकन मेन स्विच पाडला. झाकण उघडलं. डाव्या हाताची कॉइल काळी. चौकटीच्या कडेनं तारेवरचा थर खरवडला होता आणि आत शॉर्ट झाला होता. गाडी यायला जेमतेम तास उरला होता.

"दाबून बसवली का?" त्यांनी समोर येऊन विचारलं.

"हो."

"जाड काऊन झाली? पाचशेच घेतले ना?"

"पाचशेच. वीस-वीसनं."

"कशी मोजली, तशी मोजून दाखव."

मी रिकाम्या रिळावर तार धरली आणि सुरू केलं. "लाभ, दोन, तीन, चार..." आमच्याकडे धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. वीस झाले. आणि माझा हात थांबला नाही. तोंड गप्प, हातानं आणखी एक फेरा घातला, मग तोंड पुन्हा "लाभ" म्हणालं. मलाच तेव्हा दिसलं. आमच्या घरी वीस मापं झाली की एक माप पाखरांच्या नावानं बाजूला टाकतात, न बोलता, ते मोजणीत धरायचं नसतं. लहानपणापासून माप माझ्याच हातात असायचं. घाबरले की हात घरी जातो माझा.

मी सांगितलं. रडतच सांगितलं. नानाजीभाऊंनी रीळ माझ्या हातातून घेतलं.

"म्हणजे पंचवीस फेरे पाखरायचे?"

"हो."

"बाई, तांब्याची तार पाखरं खात नाई." मग घड्याळ पाहिलं, चप्पल घातली. "मी ठेसनावर चाललो. तू नवी गुंडाळ."

"मी? पुन्हा? भाऊ, तुम्ही करा, मी ठेसनावर जाते."

"तुले ताई ओळखू येते का? अन् चूक कुठी झाली ते तुलेच तं माहीत हाय." दारात थांबून वळले. "काढीन बिढीन असं काही डोक्यात घेऊ नको. ते टेन्शन घेतलं का हात धानोऱ्याले जाते तुझा."

ते गेले. मी टपरीवरून मधुकरभाऊंना ओढून आणलं. म्हटलं, "मी वीस म्हटलं की एक काडी ठेवा, आणि तेव्हाच माझं मनगट धरा."

"हे काय लावलं बे नानाजीनं, अं?" म्हणत बसले, पण बसले. लाभ म्हणायचं नाही, एकच म्हणायचं असं ठरवलं होतं. तरी दर विसाव्या फेऱ्याला हात पुढं जायला ओढायचा आणि मधुकरभाऊ टपकन मनगट धरायचे. टपरीवर गिऱ्हाईक ओरडत होतं. ते उठले नाहीत. नववी काडी ठेवली तेव्हा घाम, सतराव्या काडीला तार बोटात रुतायला लागली. पंचविसावी काडी पडली, आणि कॉइल चौकटीत बोटानं ढकलताच गेली. पेचकस लागला नाही. मी शेवटची वायर जोडते न जोडते तोच बाहेर ऑटो थांबला. तपासायला वेळ नव्हता.

ताई बुटकीशी, हिरव्या लुगड्यातली. दुकानात येऊन भिंतीवरचे पंखे पाहत पाठमोरी उभी राहिली. मी म्हटलं, "या ताई, पाणी घ्या." तिनं वळून पाहिलं नाही. मी पुन्हा म्हटलं.

नानाजीभाऊंनी फरशीवर पाय आपटला. धाप्प.

ताई वळली.

ते समोर गेले, उजेडाकडे तोंड केलं, तोंड मोठ्ठं उघडून म्हणाले, "ताई, हात, ठेव." मी हातात तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. ज्याला मी दचकत आले होते, ते या बाईशी बोलता बोलता लागलेलं बोलणं होतं. त्यांना दुसरं बोलणं येतच नव्हतं.

तिचे दोन्ही तळवे पेटीवर ठेवून त्यांनी मेन स्विच चालू केला. गोळी सुटली. ठक. ताईच्या भुवया वर गेल्या. गोळी खाली आली, डावीकडेच आली. नानाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

ठक.

ताई हसली. मोठ्या, बेताल आवाजात, स्वतःला ऐकू न येणारं हसू. मग तिनं वरचे हात काढले आणि वाकून पेटीच्या खाली तळवा लावला. डोळे मिटले. गोळी जिकडे जाईल तिकडे दुसऱ्या हाताचं बोट हवेत फिरवू लागली. एकदाही चुकली नाही.

"लहानपणी जत्रेत खिळे ठोकलेली पाटी असे," नानाजीभाऊ मला सांगत होते, पण बघत तिच्याकडे होते. "मी वरून गोळी सोडो, ते खालून हात लावे. गोळी कोणत्या खिळ्यावर हाय ते बोटानं दाखवे. पोट्टे म्हणत, जादू करते. तिले जन्मापासून ऐकू येत नाई." मग म्हणाले, "मी इथी नोकरीले आलो. मंग घरोघरी फोन आले. सारे बोलून राह्यले, सारे. मी काय करू फोनचं?"

मधुकरभाऊ कपबशा घेऊन दारात उभे होते. त्यांनी त्या खाली ठेवल्या आणि स्वतःही पेटीवर हात ठेवला.

संध्याकाळच्या गाडीनं ताई गेली. नानाजीभाऊ स्टेशनवरून आले आणि बंद पेटीवर हात ठेवून बसले. मी दिवा लावला, त्यांना कळलं नाही. हाक मारली, तरी नाही. दुसऱ्यांदा मारली तेव्हा वळले. हे हल्ली वाढलंय. सगळी नोकरी खाणीतल्या पंपांच्या घरघरीत गेली त्यांची. कान तपासून घ्या म्हटलं की म्हणतात, "कानाचं सोड."

नानाजीभाऊ, तुम्ही मला शाळा विचारली नाही, फक्त वीस विचारले. एक दिवस माझी तिसरी हाकही तुमच्यापर्यंत येणार नाही. त्या दिवशी मी पाठीमागून ओरडणार नाही. समोर येईन, उजेडाकडे तोंड करीन, एकेक शब्द चावून बोलेन. त्याआधी पाय आपटीन, फरशी फुटली तरी चालेल. तुमचं एवढं तरी फेडीनच.